आधी स्वतःची यादी, मग भूमिकेची

प्रश्न थोडक्यात असा: वय २७, लग्नाला दोन वर्षं झालेली, अंबडच्या एका कंपनीत अकाउंट्सचं काम. नाशिकच्या एका हौशी संस्थेच्या दोन अंकी नाटकात मध्यवर्ती भूमिका मिळाली आहे, पिंपळगाव बसवंतकडच्या ५५ वर्षांच्या विधवा द्राक्ष बागायतदार बाईची. प्रयोगाला सात आठवडे आहेत. तालमीनंतर आवाज बसतो, रात्री झोप लागत नाही, ऑफिसातही ती बाई डोक्यात फिरत राहते, आणि टिकली-मंगळसूत्र उतरवावं लागणार म्हणून घरात कुरबुर सुरू झाली आहे. 'मी कुठे संपते आणि ती कुठे सुरू होते हेच कळेनासं झालंय,' असं प्रश्नात शेवटी लिहिलं आहे.

त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करावी लागेल. तुम्ही गेले काही दिवस त्या बाईबद्दल वहीभर लिहिलं असणार: तिचं बालपण, तिचा नवरा, तिचं कर्ज. स्वतःबद्दल मात्र एक ओळही लिहिलेली नसणार. बहुतेक नव्या अभिनेत्रींचं हेच होतं. आपल्या सवयी आपल्याला दिसत नाहीत, म्हणून त्या गुपचूप भूमिकेत शिरतात. मग उलटाही प्रवास होतो आणि भूमिकेतलं काहीतरी घरी येतं. दोन्हीकडचं सामान कुणी मोजलेलंच नसतं, त्यामुळे कोणतं कुणाचं हे सांगता येत नाही.

पहिल्या आठवड्यात म्हणून फक्त स्वतःची यादी करा. मोबाइल घराच्या कोपऱ्यात लावून तीन गोष्टी चित्रित करा: दारापासून स्वयंपाकघरापर्यंतचं चालणं, चहा करून कप पुढे करणं आणि पाच मिनिटांचं फोनवरचं बोलणं. नंतर आवाज बंद करून बघा. वजन टाचेवर पडतं की चवड्यावर? विचार करताना हात कुठे जातो, केसांकडे, ओढणीकडे की नखांकडे? ऐकताना हनुवटी पुढे येते का? मग चित्र न बघता फक्त ऐका. वाक्याचा शेवट वर जातो की खाली? श्वास वाक्याच्या मध्येच घेता का? १५ ते २० नोंदी निघाल्या पाहिजेत. याला एक फार चांगली जोड म्हणजे धाकटा दीर, नणंद किंवा भाऊ यांना 'माझी नक्कल कर' म्हणून सांगणं. घरातली लहान माणसं आपल्या लकबी नेमक्या उचलतात. ती जे करून दाखवतील त्यातलं निम्मं तुमच्या यादीत नसेल.

आता प्रत्येक नोंदीपुढे खूण करा. हे त्या बाईतही असू शकतं, हे तिच्यात असणं शक्य नाही, आणि हे अजून ठरत नाही, अशा तीन खुणा पुरतात. पहिल्या प्रकारच्या नोंदींना हात लावू नका. सगळंच बदलायला गेलं की सोंग होतं. तुमच्या बाबतीत दुसऱ्या प्रकारात एक गोष्ट नक्की येईल. दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या शरीराचे खांदे पुढे येतात, मान पडद्याकडे झुकते आणि कोपर बरगड्यांना चिकटलेले राहतात. पदर सावरतानाही ते कोपर सुटत नाहीत. प्रेक्षकाला कारण सांगता येणार नाही, पण ही बाई शेतातली नाही हे त्याला कळेल.

त्या बाईचं शरीर कशाने घडलं ते बघायला नाशिकइतकी सोयीची जागा नाही. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर (फळ धरण्यासाठीच्या छाटणीनंतर), दिवाळीच्या पुढे-मागे बागांमध्ये डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं) आणि विरळणी (घडातले दाट मणी कापणं) चालू असते, म्हणजे नेमकी तुमच्या तालमींच्या दिवसांत. ओळखीच्या एखाद्या बागेत रविवारी सकाळी परवानगी घेऊन जा. मोबाइल खिशात ठेवा, कारण कॅमेरा दिसला की माणसं काम करण्याऐवजी काम दाखवू लागतात. नुसतं बघूही नका. हातात विरळणीची कात्री घ्या आणि दोन तास सलग काम करा. घड डोळ्यांच्या वर असतो. डाव्या हाताने तो अलगद फिरवायचा आणि उजव्या हाताने दाटीतले मणी कापायचे. अर्ध्या तासात खांदे कानांकडे चढू लागतात. सरावलेल्या बाईचे खांदे मात्र खालीच राहतात, हात कोपरातून वर जातो आणि वजन ती एका पायावरून दुसऱ्यावर टाकत राहते. तिला मान वर करून बोलण्याची सवय असते, समोर न बघता. कुणी हाक मारली तर ती आधी 'हां' म्हणते, हातातला घड पुरा करते आणि मग वळते.

आवाज आणि वळणं यांच्यामधला तो एवढासा वेळ तुमच्या भूमिकेसाठी सोन्यासारखा आहे. पहिल्या अंकात मुलगा जमीन विकायचा विषय काढतो असं प्रश्नात आहे. तिथे ती चटकन वळली तर ती मालिकेतली आई होईल. हातातलं काम पुरं करून वळली तर ती बागायतदारीण. बागेत १० गोष्टी दिसतील, त्यातल्या फक्त दोन घ्या. दहाही घेतल्या तर प्रेक्षक त्या लकबी मोजत बसतो आणि माणूस हरवतो.

वयाबद्दल स्पष्टच लिहितो, कारण सगळ्यात जास्त भूमिका इथे बिघडतात. ५५ म्हणजे म्हातारपण नव्हे. कंबरेत वाकणं, कापरा आवाज, थरथरता हात, यातलं काहीही नको. शेतात काम करणारी ५५ वर्षांची बाई तुमच्यापेक्षा जास्त वजन उचलते. तिचं वय दिसतं ते सांध्यांमध्ये आणि सुरुवातींमध्ये: बसलेली असताना उठायच्या क्षणी हात आधी गुडघ्यावर किंवा जमिनीवर जातो, उठल्यावर पहिली दोन पावलं आखडलेली पडतात आणि तिसऱ्यापासून चाल नेहमीची होते. पायरी उतरताना एक पाय आधी आणि दुसरा त्याच पायरीवर. खाली वाकून काही उचलल्यावर लगेच बोलायचं असेल तर पहिला शब्द श्वासासोबत येतो. एवढं पुरे. रोज तालमीला पोहोचल्यावर १० वेळा जमिनीवर बसा आणि उठा, हात एकाच क्रमाने जाईपर्यंत. दोन आठवड्यांत ते विचार न करता व्हायला लागतं.

साडी पहिल्या दिवसापासून नेसा. रंगीत तालमीला, म्हणजे पूर्ण वेशभूषेतल्या तालमीला, पहिल्यांदा साडी नेसली की आधीचं सगळं चालणं वाया जातं. पावलाचा आवाका बदलतो, बसताना निऱ्या अडकतात. सुती साडी, पदर कंबरेला खोचलेला, पायात प्रयोगात असेल तीच चप्पल. दुसऱ्या अंकात कपडे बदलायचे असतील तर विंगेत मोबाइलचं घड्याळ लावून बदल मोजा. ४० सेकंद असतील तर आतलं ब्लाउज दोन्ही अंकांना एकच हवं आणि वरची साडी कमरेच्या पट्टीवर शिवून घेतलेली. प्रयोगात गडबडीत पिन टोचते ती नेहमी याच जागी.

आता आवाज. आवाज बसतो याची तुमच्या बाबतीत बहुधा तीन कारणं एकत्र आली असतील. पहिलं, श्वास छातीच्या वरच्या भागात घेतला जातो, खांदे उचलले जातात आणि मग मोठ्याने बोलण्यासाठी जोर गळ्यावर येतो. तपासायला सोपं आहे. संवाद म्हणताना दोन बोटं मानेच्या पुढच्या बाजूला हलकेच ठेवा. स्नायू दोरीसारखे ताठ लागले तर काम गळा करतोय. दुसरं, मोठ्याने बोलताना पट्टीही वर चढते. मोठा आवाज आणि उंच आवाज या वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरं कारण तालमीच्या बाहेरचं आहे. रात्री १० ला तालीम सुटते, मग सगळे मिळून तर्रीबाज मिसळ किंवा वडापाव, घरी येऊन लगेच अंथरूण. पोटातलं आम्ल वर येतं आणि सकाळी घसा जड, खरखरीत होतो. नाशिकमधल्या हौशी कलाकारांच्या बसलेल्या आवाजांत या रात्रीच्या खाण्याचा वाटा मोठा आहे. जेवण तालमीच्या आधी सहा-साडेसहाला करा. नंतर भूक लागली तर मऊ भात किंवा दूध-पोळी, आणि आडवं होण्याआधी निदान दोन तास जाऊ द्या.

रोज सकाळी १५ मिनिटं पुरतात, पण ती रोज हवीत. उताणं झोपून पोटावर जाडसर पुस्तक ठेवा. चार मोजेपर्यंत श्वास घ्या, पुस्तक वर आलं पाहिजे, आणि 'स्स्स' करत एकसारखा सोडा. सुरुवातीला १२-१५ सेकंद टिकेल, महिन्याभरात २५ पर्यंत जाईल. मग पाच मिनिटं खर्ज: तुम्हाला सहज लागेल अशा खालच्या स्वरावर 'म' चं गुणगुणणं, ओठांना आणि नाकाच्या बाजूंना झिणझिण्या जाणवेपर्यंत. खर्ज म्हणजे जबरदस्तीने खाली जाणं नव्हे. आवाज घासला जात असेल तर स्वर वर घ्या. उरलेला वेळ उच्चारांना. 'चार' आणि 'चारा' यांतला च, 'जरा थांब' मधला आणि म्हातारपण या अर्थाच्या 'जरा' मधला ज, ण आणि न, ळ आणि ल हे सावकाश, तोंड उघडून म्हणा. खाकरायची सवय असेल तर ती आजपासून बंद. खाकरण्याने स्वरयंत्राच्या पट्ट्या एकमेकींवर आपटतात. त्याऐवजी घोटभर पाणी प्या किंवा नुसतं गिळा. आणि पाणी दिवसभर प्या, कारण प्यायलेलं पाणी स्वरयंत्रावरून जात नाही. शरीरात मुरून मग तिथे पोहोचतं, त्याला काही तास लागतात. एन्ट्रीआधीच्या ग्लासाने फक्त तोंड ओलं होतं. डिसेंबरात रात्री दुचाकीवरून परतताना नाका-तोंडावर रुमाल बांधा. तापलेला गळा आणि नाशिकची बोचरी कोरडी हवा यांचं जमत नाही. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर काढे बाजूला ठेवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

मराठी रंगमंचावर बोलताना एक धोका कायम असतो. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नकार त्याच्याही नंतर. 'ही जमीन मी कुणाला विकू देणार नाही' यातलं शेवटचं 'नाही' श्वास संपल्यामुळे गिळलं गेलं तर मागच्या रांगेत नेमका उलटा अर्थ पोहोचतो. म्हणून संहितेत प्रत्येक लांब वाक्याला पेन्सिलने श्वासाची खूण करा आणि शेवटच्या दोन शब्दांसाठी श्वास शिल्लक ठेवायला शिका. तालीम शाळेच्या हॉलमध्ये होत असेल तर तिथे आवाज घुमतो आणि आपण छान पोहोचतोय असं वाटत राहतं. नाट्यगृहात पडदे आणि माणसं आवाज शोषून घेतात. नाशिकच्याच परशुराम सायखेडकर नाट्यगृहात जे बोलणं सहज पोहोचतं तेच महाकवी कालिदास कलामंदिरात मागे विरतं. रंगीत तालमीला एका मैत्रिणीला शेवटच्या रांगेत बसवा. क्रियापद ऐकू आलं नाही की तिने हात वर करायचा. बाकी अभिप्राय तिच्याकडून त्या दिवशी नकोत.

बोलीबद्दल एक सूचना. नाशिक जिल्ह्यातली ग्रामीण बाई म्हणजे अहिराणी, असं धरून काही जण वाटेल तिथे 'डोळा', 'काळा' यांचं 'डोया', 'काया' करतात. अहिराणी बागलाण, कळवण, मालेगावकडची. निफाड-पिंपळगावचं बोलणं वेगळं. बागेत जाल तेव्हा शब्दांपेक्षा चाल ऐका: वाक्य कुठे तुटतं, प्रश्न कसा विचारला जातो. संहितेत जे आहे त्यात आपल्या मनाने गावरानपणा घालू नका. तुमची स्वतःची घरची बोली वेगळी असेल तर ती चूक म्हणून पुसूही नका. ती यादीत लिहा, पुढच्या एखाद्या भूमिकेला तीच उपयोगी पडेल.

पाठांतर करताना पहिले १० दिवस संवाद सपाट, बिनभावाचे म्हणा. हाताने एकदा लिहून काढले तर उत्तम. भाव घालून पाठ केलं की एक चाल बसते आणि मग समोरचा नट वेगळं काही बोलला तरी तुमची चाल बदलत नाही. समोरच्याचे शेवटचे तीन-चार शब्दच पाठ करायची सवयही सोडा. तो पूर्ण काय म्हणतो ते माहीत असेल तर त्याच्याकडून वाक्य राहिलं तरी तुम्ही ब्लँक होत नाही.

रडण्याचा प्रवेश आहे म्हणून तुम्ही स्वतःच्या आजीचं जाणं आठवता असं लिहिलंय. ते थांबवा. हा सल्ला कळकळीने देतो, कारण झोप जाण्याचं मूळ बहुधा तिथे आहे. खाजगी दुःख रोज रात्री आठला उकरून काढलं तर दोन गोष्टी होतात. एक तर आठव्या-दहाव्या तालमीला ते बोथट होतं आणि रडू येईनासं होतं, किंवा ते तुमच्यासोबत घरी येतं. शिवाय खरं रडू आलं की घसा आवळतो आणि शब्द जातात. १५व्या रांगेला अश्रू दिसत नाहीत. दिसतो तो श्वास, खांदे आणि ती बाई रडू आवरायला काय करते ते. म्हणून कृती शोधा. मुलगा निघून गेल्यावर ती त्याचं उष्टं ताट उचलते. ताट उचलताना श्वास दोन तुकड्यांत आत घ्या, तो धरा, ताटातली भाकरी झाकून ठेवा आणि मग उरलेल्या श्वासावर वाक्य म्हणा. शरीराला ही श्वासाची लय ओळखीची असते. डोळे अनेकदा आपोआप भरतात. नाही भरले तरी प्रवेश उभा राहतो. नाट्यशास्त्रात अश्रू, स्वरभंग, कंप यांची गणना सात्त्विक, म्हणजे आतून उमटणाऱ्या भावांत केली आहे, आणि आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषा-रंगभूषेचा) हे बाकीचे अभिनय वेगळे मांडले आहेत. तुमच्या हातात रोज नक्की असतात ते हे तीन. ते चोख असले की चौथ्याला यायला वाट मिळते.

आता मंगळसूत्र. घरच्यांच्या मनातली भीती खरी आहे, तिला हसू नका आणि 'हे फक्त नाटक आहे' असं म्हणून उडवूनही लावू नका. त्याऐवजी एक पद्धत ठरवा आणि सासूबाईंना ती आधीच समजावून सांगा. भूमिकेचे दागिने आणि तुमचे दागिने कधीही एकत्र नकोत. पूर्वायुष्यातल्या प्रवेशात मंगळसूत्र लागत असेल तर ते कपडेपटातलं, खोटं, नाटकाच्या पेटीतच राहणारं. तुमचं स्वतःचं मंगळसूत्र तालमीत काढायची गरजच नाही. सुती ब्लाउजच्या आत जातं. रंगीत तालीम आणि प्रयोग या दोन दिवशीच ते रंगपटात, रंगभूषा सुरू होण्याआधी, तुम्ही स्वतः काढायचं आणि झाकणाच्या डबीत ठेवायचं. डबी एका ठरलेल्या विश्वासाच्या व्यक्तीकडे द्यायची, शक्य असेल तर घरच्याच कुणाकडे. प्रयोग संपल्यावर रंग उतरवला, तोंड धुतलं, आपले कपडे घातले, की शेवटी मंगळसूत्र आणि टिकली. लोकांना भेटायला बाहेर यायचं ते त्यानंतर. नातेवाइकांना तुम्ही तुमच्याच रूपात भेटता, त्यामुळे अवघडलेपण बरंच कमी होतं. तुमच्यासाठीही तो क्रम म्हणजे ती बाई उतरवून ठेवण्याची खूण आहे.

तो क्रम तालमीनंतरही पाळा, लहान प्रमाणात. साडी स्वतःच्या हाताने घडी करून पेटीत ठेवायची, कुणाला देऊन पळायचं नाही. मग स्वतःच्या यादीतल्या दोन सवयी मुद्दाम करायच्या: केस तुमच्या नेहमीच्या पद्धतीने बांधा, तुमच्या नेहमीच्या चालीने हॉलभर एक फेरी मारा. कुणाशी तरी नाटकाव्यतिरिक्त दोन वाक्यं बोला. घरी आल्यावर रात्री संहिता उघडायची नाही. सुचलेलं काही असेल तर एका ओळीत लिहा आणि सकाळी बघा. हे सगळं मिळून १० मिनिटांचं काम आहे, आणि झोपेवर त्याचा परिणाम पहिल्या आठवड्यातच जाणवतो. तरीही दोन-तीन आठवडे झोप आली नाही, भूक गेली किंवा ऑफिसात काम सुचेनासं झालं, तर दिग्दर्शकाला सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

'नाटकात काम करणारी बाई' या शब्दांचा टोमणा प्रश्नात आला आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांना १९१३ मध्ये पहिल्या चित्रपटासाठी स्त्री मिळाली नाही, तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली. त्याच वर्षीच्या त्यांच्या पुढच्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई उभ्या राहिल्या. टोमणा तेव्हापासूनचा आहे आणि एका संभाषणात तो जाणार नाही. घरच्यांना एखाद्या पूर्ण तालमीला बोलवा, प्रयोगाला नव्हे. माणसं तीन तास घाम गाळून एकच प्रवेश सहा वेळा करतात हे डोळ्यांनी दिसलं की बोलण्याचा सूर बदलतो.

रोजच्या वेळेसाठी दिग्दर्शकाकडून प्रवेशवार वेळापत्रक लेखी मागा. तुमचे प्रवेश नसलेल्या दिवशी तीन तास नुसतं बसून राहणं ही निष्ठा नव्हे. रात्री परतताना कोण कुणासोबत जाणार हे संस्थेने ठरवून द्यावं, ही मागणी अवाजवी नाही. तालमीत कुणाचं वागणं खटकलं तर २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याचा आधार आहे. दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणी अंतर्गत समिती नसली तरी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत.

प्रयोग झाला की दुसऱ्या दिवशी सुट्टी घ्या आणि भूमिकेची वही नाटकाच्या पेटीत, साडीच्या घडीखाली ठेवून द्या. नाटक स्पर्धेतलं असेल आणि अंतिम फेरीला निवड झाली तर ती १० दिवस आधी उघडा. पहिल्यांदा तीच दोन कामं करा: जमिनीवर बसून उठणं आणि हातातला घड पुरा करून मग वळणं.